पेनेलोपीचा मांडव: दिवसा विणायचं, रात्री उसवायचं. सल्ला हवा आहे

निळीशाई, मेलबर्न

नमस्कार मंडळी. मी मूळची चिपळूणची, गेली 11 वर्षं मेलबर्नमध्ये आहे. वास्तुरचनेच्या एका छोट्या ऑफिसात काम करते. राहायला ओकलीजवळ, म्हणजे आसपास मराठी घरं मोजकी आणि ग्रीक घरं पुष्कळ. आमच्या भागातल्या एका बागेत मार्चमध्ये 12 दिवसांसाठी एक तात्पुरता कलामंडप उभारायचा आहे. ग्रीक पुराणकथेवर बेतलेला, पण त्या कथेकडे नव्याने बघणारा, एवढीच अट होती. आम्ही तिघींनी मिळून पाठवलेला प्रस्ताव निवडला गेला. आता प्रत्यक्ष उभारायची वेळ आल्यावर दोन-तीन ठिकाणी घोडं पेंड खातंय. इथे विणकर आहेत, इंजिनिअर आहेत, ग्रीक साहित्य वाचलेले आहेत, म्हणून सविस्तर लिहितेय.

कथा पेनेलोपीची. ओडिसियस ट्रॉयच्या युद्धावर गेला तो 20 वर्षं परतला नाही. घरात लग्नाला टपलेल्या 108 पुरुषांनी ठाण मांडलेलं. तिने सांगितलं, सासऱ्यासाठी, म्हणजे लाएर्तीससाठी, कफन विणून झालं की मी निवड करेन. दिवसा विणायची, रात्री मशाली लावून विणलेलं उसवायची. तीन वर्षं हे चाललं, चौथ्या वर्षी एका दासीने फोडलं. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

मला अस्वस्थ करते ती पुढची गोष्ट. ओडिसियस परत येतो, सगळ्यांना मारतो आणि मग होमरच्या ओडिसी या महाकाव्याच्या 22व्या सर्गात घरातल्या 50 दासींपैकी 12 जणींना बेइमान ठरवून फाशी दिलं जातं. आधी त्यांच्याकडूनच प्रेतं बाहेर काढून घेतात, टेबलं-खुर्च्या स्पंजने पुसून घेतात. मग तेलेमाखस, म्हणजे पेनेलोपीचा मुलगा, जहाजाचा दोर घेतो, एका मोठ्या खांबाला बांधतो आणि अंगणातल्या गोल बांधकामाभोवती टाकून ताणतो. त्या गोल बांधकामाला थोलोस म्हणतात. जाळ्यात अडकलेल्या कस्तूर पक्ष्यांची आणि पारव्यांची उपमा दिली आहे. पुढची ओळ अशी की त्यांचे पाय थोडा वेळ हलले, फार वेळ नाही.

ही ओळ वाचली तेव्हा मी ऑफिसच्या ट्रेनमध्ये होते आणि दोन स्टेशनं पुढे गेले. माझा मुद्दा असा: तीन वर्षं रोज रात्री मशाली लावून उसवणं एकटीचं काम असेल का? भरल्या घरात ते लपलं कसं? कुणी मशाल धरली असेल, कुणी धागा गुंडाळला असेल, कुणी दाराशी बसलं असेल. एकीने सांगितलं, पण बाकीच्या कितीजणींनी तीन वर्षं तोंड मिटून ठेवलं? आमचा मंडप त्या हातांचा आहे.

रचना अशी. सहा मीटर व्यासाचं वर्तुळ, कडेने 12 उभे माग. प्रत्येक माग दोन पायांचा, वर आडवा दांडा, त्यावरून ताण्याचे, म्हणजे उभे, धागे खाली सोडलेले आणि त्यांना भाजक्या मातीची वजनं बांधलेली. जुन्या ग्रीसमध्ये माग असेच असत. इटलीत कियूझीच्या संग्रहालयात इसवीसनपूर्व 440च्या सुमाराचं एक मातीचं पात्र आहे, त्यावर पेनेलोपी अशाच मागासमोर बसलेली दिसते. दिवसभर बागेत येणारे लोक विणणार. अंधार पडला की 12 जणी उसवणार. सकाळी परत रिकामा ताणा. सगळ्या मागांच्या माथ्यावरून एक जाड दोर फिरवलेला, होमरने वर्णन केलाय तसा. उसवून झालं की त्या दोराला 12 रिकामे फास दिसतील, दिव्याच्या उजेडात. प्रस्तावात हे शेवटचं चित्र निवड समितीला सगळ्यात आवडलं होतं.

आता अडचणी. गेल्या महिन्यात घरामागे एक माग उभा केला. लोकरीचा सूत वापरला, कारण तिकडे लोकरच होती. चौघींनी पाच तासांत जेमतेम दोन वीत विणलं. संध्याकाळी उसवायला बसलो तर लोकर एकमेकींत धरून बसली होती. बाणा, म्हणजे आडवा धागा, ओढला की तुटायचा, ताण्याची कुसं निघायची. चार तासांत अर्धंसुद्धा निघालं नाही. त्यातच पाऊस आला, ओलं कापड इतकं जड झालं की वरचा दांडा मधे वाकला आणि एक वजन सुटून माझ्या मैत्रिणीच्या पायावर पडलं. हाड वाचलं, नख गेलं.

शिवाय बागेत मोठी झाडं आहेत, मुळांना धक्का नको म्हणून जमिनीत काहीही रोवायचं नाही. म्हणजे सगळं वजनावर उभं राहायला हवं. इथे दुपारनंतर वारा फिरतो तेव्हा एकदम दक्षिणेकडून झोडपतो.

माझ्या मनात एक मांडव पक्का बसलाय. 2016 साली मेलबर्नच्या क्वीन व्हिक्टोरिया गार्डन्समध्ये मुंबईचे वास्तुरचनाकार बिजॉय जैन यांनी उन्हाळ्यापुरता एमपॅव्हिलियन नावाचा मांडव उभारला होता. 7 किलोमीटर बांबू, 26 किलोमीटर दोर, 5,000 लाकडी खुंट्या आणि 50 टन दगड. छपराला कारवीच्या काड्यांची तट्टी. मी त्याखाली उभी राहिले तेव्हा आजोळच्या कुडाचा वास आठवला. त्या छपरात बांधलेली एकेक गाठ कुणाच्या तरी हाताची आहे हे बघणाऱ्याला कळत होतं. मला तेवढंच साधायचंय.

तर सूत कोणता घ्यावा? वाऱ्याचा हिशेब कसा करावा? आणि त्या कथेतलं माझं काही वाचायचं राहिलंय का? सांगा.

मागावरचा, येवला

ताई, आधी एक शब्द. विणलेलं उसवत नाहीत, उकलतात. उसवते ती शिवण. आमच्या घरात आजी यावरून रागवायची, म्हणून राहवलं नाही.

आमच्या चार पिढ्या पैठणीवर. उकलणं आम्हाला नवीन नाही. पदरातल्या मोराच्या मानेत एक धागा चुकला आणि तो चार बोटं पुढे गेल्यावर दिसला, तर चार बोटं मागे यावंच लागतं. विणताना हात आपोआप चालतो, गप्पा मारता येतात. उकलताना गप्पा बंद. प्रत्येक धाग्याला कोणता ताणा वर होता ते बघून, पाय बदलत बदलत, विणलं त्याच्या बरोबर उलट्या क्रमाने यायचं. मधेच घाईने ओढलं की ताणा तुटला. नवशिक्याला विणायला बसवतात, उकलायला कधीच नाही, ते जुना माणूस करतो. तुमच्या त्या राणीला तीन वर्षं रोज रात्री हे करायचं म्हणजे ती पक्की विणकरीण असणार, आणि मदतीला बसणाऱ्याही.

आता सूत. लोकर सोडा. तिला केस असतात, ते एकमेकांत गुंततात आणि ठोकल्यावर तर नमदाच होतो. रेशीम सुळकन निघतं, पण बागेत बारा दिवस उन्हापावसात रेशीम नको. ताण्याला पीळ घट्ट असलेली सुती दोरी घ्या, करंगळीच्या निम्मी जाड, आणि दोन दोऱ्यांत दोन बोटं अंतर ठेवा. बाण्याला धागा घेऊच नका. कापडाच्या पट्ट्या घ्या, जुन्या चादरी, साड्या, काहीही, तीन बोटं रुंद फाडलेल्या. दाबल्यावर एक पट्टी साधारण दोन सेंटिमीटर जागा घेईल. तुमचं कापड सव्वादोन मीटर उंच धरलं तर एका मागावर 110 पट्ट्या लागतात. एक पट्टी घालायला नवख्या माणसाला मिनिटभर धरा, म्हणजे दोन तासांचं काम झालं. दिवसभर येणाऱ्याजाणाऱ्यांनी सावकाश केलं तरी पुरतं. उकलायला एका पट्टीला अर्धं मिनिट, तासाभरात माग मोकळा.

एका पट्टीचं टोक दुसरीला शिवू नका, गाठही नको. प्रत्येक पट्टी स्वतंत्र, दोन्ही काठांना चार बोटं बाहेर लोंबती ठेवा. काढताना धरायला टोक मिळतं.

ओल्या कापडाचं काय करायचं ते इंजिनिअर सांगतील. आमच्याकडे पावसाळ्यात माग ओलीने जड चालतो, एवढं मला माहीत आहे.

जुनीपानं, नागपूर

मी निवृत्त शिक्षक, होमर गेली तीसेक वर्षं वाचतोय. तुमच्या प्रश्नाने दोन दिवस पुन्हा पुस्तकं उघडायला लावली, त्याबद्दल आभार.

मशालींचा मुद्दा तुम्ही योग्य पकडलात. मूळ ओळीत ती मशाली जवळ ठेवून उकलते इतकंच आहे, त्या कुणी आणून ठेवल्या याबद्दल शब्द नाही. हीच हकीकत ओडिसीत तीनदा येते. दुसऱ्या सर्गात लग्नाळूंपैकी अँटिनूस सांगतो, 19व्यात ती स्वतः सांगते आणि 24व्यात मेलेल्या लग्नाळूचा आत्मा पाताळात सांगतो. म्हणजे दोनदा तक्रार करणाऱ्यांच्या तोंडून. दासींच्या तोंडून एकदाही नाही. बेइमान ठरलेल्यांपैकी होमर नाव घेतो ते मेलान्थोचं. तिला पेनेलोपीने लहानपणापासून मुलीसारखं वाढवलं होतं, खेळणी दिली होती. बाकीच्यांची नावं नाहीत.

तुमच्या उपयोगाचे दोन शब्द सांगतो. होमरच्या ग्रीकमध्ये मागाला आणि जहाजाच्या डोलकाठीला एकच शब्द आहे, हिस्तोस. मूळ धातू उभं राहण्याचा, आपल्या संस्कृतातल्या ‘स्था’चा सख्खा भाऊ. जो उभा आहे तो हिस्तोस. ओडिसियसला सायरेनांच्या, म्हणजे गाण्याने खलाशांना भुलवणाऱ्या मायावी स्त्रियांच्या, बेटाजवळ ज्या डोलकाठीला बांधतात ती हिस्तोस, आणि पेनेलोपी घरात ज्याच्यापाशी उभी असते तोही हिस्तोस. दुसरा शब्द फारोस. लाएर्तीसचं कफन हे फारोस, आणि पाचव्या सर्गात कालिप्सो ही अप्सरा ओडिसियसला शिडांसाठी जे कापड आणून देते तेही फारोसच. कफन आणि शीड एकाच कापडाचं. दासींसाठी ताणलेला दोर जहाजाचाच, हे तुम्ही लिहिलंच आहे. तुमच्या 12 मागांना बाहेरून बघणाऱ्याला 12 डोलकाठ्या दिसल्या तर ते मूळ भाषेशी इमान राखून होईल.

एक दुरुस्ती. जुन्या उभ्या मागावर बाई बसत नसे, समोर येरझारा घालत विणत असे. होमरचा शब्दप्रयोगच मागापुढे चालण्याचा आहे. त्या पात्रावर ती बसलेली आहे, कारण ती विणत नाहीये. हनुवटीखाली हात घेऊन खिन्न बसली आहे, मुलगा समोर उभा आहे. कापड वरून सुरू होतं आणि बाणा वरच्या दिशेला ठोकतात. तेव्हा विणणाऱ्यांना स्टुलं देऊ नका, चालायला जागा द्या.

काळीमाती, यवतमाळ

मी या विषयातली नाही. तुमचं लिहिणं आवडलं म्हणूनच सांगते, ते 12 फास काढून टाका.

माझे काका 2006 साली गेले. गोठ्यातल्या आड्याला. दोर बैलाचा कासरा होता, रोजच्या कामातला. बाबांनी तो जाळला आणि दुसऱ्या दिवशी बाजारातून नवा आणला, कारण बैलांना कासरा लागतोच. तुमच्या कथेतही जहाजाचाच दोर आहे, कामाचा. हे वाचून मी थांबले.

बागेत कोण येईल तुम्हाला माहीत नाही. संध्याकाळी दिव्यात रिकामा फास बघणाऱ्या एखादीला ती कला दिसणार नाही, तिला गोठा दिसेल. त्या 12 जणी मेल्या कशा हे दाखवण्याच्या नादात त्या काय करत होत्या ते बाजूला पडतं. तुम्हीच लिहिलंय, मंडप हातांचा आहे.

निळीशाई, मेलबर्न

काळीमाती, तुमचं वाचून कालपासून काही लिहवत नव्हतं. फास काढले. आज सकाळी दोघी मैत्रिणींना वाचून दाखवलं, त्यातल्या एकीने एकच विचारलं की हे आपल्या तिघींपैकी एकीच्याही डोक्यात कसं आलं नाही. समितीला नवीन चित्र पाठवेन. त्यांना जुनं आवडलं होतं हे खरं, पण हे मी त्यांना समजावून सांगेन.

आता त्या दोराचं काय करायचं हा प्रश्न आहे. तो मागांना बांधून ठेवणारा आहे, काढला तर रचना सुटते.

मागावरचा काका, उकलणं हा शब्द घेतला. कोडंही उकलतं आणि कळीही उकलते, त्यामुळे तो जास्तच जवळचा वाटला.

वजनमाप, पुणे

स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे. आकडे मोघम देतोय, तिथला स्थानिक इंजिनिअर सही करेल त्याच्याकडून पक्के करून घ्या.

वाऱ्याचा दाब काढायचा सोपा हिशेब: वेग मीटर प्रति सेकंदात घ्या, वर्ग करा, 0.6ने गुणा, उत्तर पास्कलमध्ये. ताशी 72 किलोमीटरचा झोत म्हणजे सेकंदाला 20 मीटर. 400 गुणिले 0.6, 240 पास्कल. चौरस मीटरला साधारण 24 किलो. तुमचं एक कापड एक मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच. कापडाच्या आकारासाठीचा गुणांक 1.2 धरला तर एका मागावर सुमारे 64 किलोचा आडवा ढकला. तो जमिनीपासून 1.6 मीटरवर लागतोय. पायाची बैठक 1.2 मीटर रुंद केलीत तर उलटू नये म्हणून 170 किलो, आणि दीडपट सुरक्षितता धरून अडीचशे किलो. एका मागाला. बाराचे मिळून तीन टन. 25 किलोच्या वाळूच्या दहा गोण्या एका मागाच्या पायावर, वरून लाकडी फळी टाकून बाकडं करा. लोक बसतील, गोण्या दिसणार नाहीत. स्टुलं नकोत म्हणाले ते विणणाऱ्यांसाठी, बघणाऱ्यांना बसायला हवंच.

वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो हे लक्षात ठेवा. म्हणून वरचा आकडा सगळ्या हवामानाला पुरेल असं समजू नका. झोत ताशी 40 किलोमीटरच्या वर गेले की कापड खाली, असा नियम लिहून ठेवा आणि एक माणूस त्यासाठीच नेमा. खाडीकडून येणारा तुमचा दक्षिणेचा वारा नेमका दुपारनंतर, म्हणजे कापड सगळ्यात मोठं झालेलं असताना येणार. ही तुमच्या रचनेतली खरी गोम आहे.

त्यामुळे वरचा दांडा पक्का ठोकू नका. दोन्ही पायांना कप्प्या लावा, दांडा दोराने वर-खाली होऊ द्या. वारा वाढला की दोघी जणी मिनिटभरात उतरवतील. रात्री उकलून झालं की रोजच गुडघ्यापर्यंत खाली आणा. मग रात्रभर वाऱ्याला धरायला काही उरत नाही आणि कुणी अंधारात त्या लोंबत्या दोऱ्यांत अडकायचं भयही नाही. लहान मुलांच्या मानेच्या उंचीला सैल दोरी किंवा वेटोळं कधीही नको, हा मुद्दा अजिबात ढिला सोडू नका.

मातीची वजनं गेल्या वेळी पायावर पडली कारण गाठीवर होती. प्रत्येकाच्या भोकातून दुसरी, जाड दोरी घाला. दिवसा ती जमिनीपासून एक वीतभरच वर राहतील असं बघा. अपंगांच्या चाकखुर्चीसाठी एक फट मोठी ठेवा. उंचवटा करणार असाल तर तुमच्याकडे उताराची मर्यादा 14 ला 1 आहे, जागा खाते. शक्य असेल तर जमीन सपाटच ठेवा.

दोराचं म्हणाल तर तो फार कामाचा आहे. 12 माग माथ्याला एकमेकांना बांधले की एकटा माग उलटणं कठीण होतं. शेजारचे त्याला धरतात. मी असतो तर तो दोर ठेवलाच असता, फक्त खाली काही न लोंबवता, ताठ.

मांडववाले, सातारा

आमचा धंदा लग्नाच्या मांडवांचा, वडिलांपासून. इंजिनिअरसाहेबांनी सगळं सांगितलंय, माझं थोडकं.

दोर नायलॉनचा घेऊ नका, गाठ सरकते. काथ्याचा घ्या, आदल्या रात्री भिजत ठेवा आणि ओला असताना आवळा, वाळल्यावर गाठ दगड होते. मधेच पाऊस झाला तर दुसऱ्या दिवशी सगळ्या गाठी हाताने तपासा.

आमच्याकडे मांडव घालताना मुहूर्तमेढ रोवतात हे सगळ्यांना माहीत असतं. पण काढतानाही नुसता सोडत नाहीत. मांडव परततात. नारळ ठेवून, नीट उलट्या क्रमाने. पोरं घाईत सुतळ्या कापायला लागली की वडील कोयता काढून घ्यायचे, म्हणायचे गाठ बांधली तर गाठ सोडा. तेराव्या दिवशी तुमचा मांडव काढायची वेळ येईल तेव्हा ट्रकवाला घाई करेल. त्या दिवसाचं वेळापत्रक आत्ताच ठरवून ठेवा आणि कात्री कुणाच्या हातात देऊ नका.

निळीशाई, मेलबर्न

मंडळी, शनिवारी दुसरी चाचणी झाली. एकच माग, पण सगळं तुम्ही सांगितलंत तसं. जुन्या चादरींच्या पट्ट्या, सुती ताणा, कप्प्या, वाळूची बाकडी. 108 पट्ट्या बसल्या. काका, तुमचा हिशेब दोन पट्ट्यांनी चुकला, एवढंच.

शेजारच्या याया, म्हणजे ग्रीक आजी, आल्या होत्या. त्यांच्या गावी त्यांच्या आईचा माग आडवा होता, असा उभा त्यांनीही पाहिला नव्हता. तरी पट्टी हातात घेतल्यावर त्या कुणाला विचारायला थांबल्या नाहीत. एका बाजूने घालत गेल्या, दुसऱ्या टोकाला चालत जाऊन ओढली, परत आल्या. येरझारा. जुनीपानं सर, तुमचा शब्द डोळ्यांपुढे चालत होता.

आणि एक गोष्ट कागदावर आम्हाला कधीच दिसली नसती. कापड वरून सुरू होतं, त्यामुळे सकाळी पहिल्या पट्ट्या घालायला उंच माणसं लागली. माझा नवरा आणि यायांचा नातू. दुपारी आम्ही. चारच्या सुमाराला कापड गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा मोठ्यांना वाकायला लागायचं, आणि तिथे पोरं बसली. शेवटच्या वीसेक पट्ट्या सगळ्या पोरांनी घातल्या. उकलायची वेळ आली तर शेवटचं आधी निघतं, म्हणजे सुरुवात पोरांचीच. सहा वर्षांची एक मुलगी आपली लाल पट्टी ओळखून ती स्वतःच काढायची म्हणून हटून बसली. तिने ती ओढून काढली, घडी केली आणि टोपलीत ठेवली. मग तिच्यावरची तिच्या आईने, तिच्यावरची यायांनी. सगळ्यात वरची, सकाळची पहिली, नवऱ्याने हात उंच करून काढली तेव्हा दिवे लावलेले होते. 50 मिनिटं लागली. शेवटी शेवटी खरंच कुणी बोलत नव्हतं.

मग दांडा उतरवला. वजनमाप, तुम्ही तो वाऱ्यासाठी सांगितलात. मी कप्पीचा दोर सोडत होते, मैत्रीण दुसऱ्या बाजूला. दिवसभर जमिनीपासून वीतभर वर असलेली ती मातीची वजनं हळूहळू खाली आली आणि एकेक करून गवताला टेकली. मातीचा मातीला लागल्यासारखा बारीक आवाज. ताण्याच्या दोऱ्या सैल पडल्या.

मी दोर हातात धरूनच उभी राहिले. त्या ओळीतले पाय आठवले, थोडा वेळ हललेले. काळीमाती, तुम्ही फास काढायला लावलेत तेव्हा त्या जागी काय येईल हे मला माहीत नव्हतं. ते हे आहे. रोज रात्री 12 मागांची वजनं जमिनीला टेकतील. दुसरं काही दाखवायचं नाही. माथ्यावरचा दोर राहील, ताठ, शेजाऱ्याने शेजाऱ्याला धरल्यासारखा.

समितीला हे चित्र काल पाठवलं. चित्रात फारसं दिसत नाही, म्हणून फोनवर काढलेली ती दांडा उतरवतानाची 40 सेकंदांची फीतही जोडली आहे.

मांडववाले दादा, तेराव्या दिवसासाठी ट्रक दुपारऐवजी संध्याकाळी पाचला बोलावलाय. सकाळी दहाला गाठी सोडायला बसू. यायांनी विचारलं, नारळच का? मी सांगितलं ते त्यांना पटलं, पण डाळिंबही ठेवा म्हणाल्या, त्यांच्याकडे नव्या घराच्या दाराशी ते फोडतात. दोन्ही ठेवणार आहोत.

आता एकच राहिलंय. काथ्याचा दोर इथे 20 मिलिमीटरच्या वर मिळत नाहीये आणि मला 28 हवाय. कोकणात किंवा गोव्यात जाड काथ्या वळणारं कुणी आहे का, जे 40 मीटर सलग देऊ शकेल? इथल्या बंदरात वनस्पतीजन्य मालाची तपासणी कडक असते, त्यामुळे दोर पूर्ण कोरडा आणि स्वच्छ हवा. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत हातात आला तरी चालेल.